चेहरा झाकला, कापड राहिलं

व्हिडिओ टाकून दुपारही उलटली नव्हती, तोच अराबाच्या आईचा फोन आला. हॅलो नाही, कशी आहेस नाही.

"काय गं भवाने, डोळे घरी ठेवून ऑफिसला जातेस का?"

"आई, कामात आहे. काय झालं?"

"बाईचा चेहरा पुसलास, आवाज घोगरा केलास, मागची दुकानाची पाटीसुद्धा झाकलीस. आणि कापड? ते तसंच ठेवलंस?"

अराबाने स्क्रीनकडे पाहिलं. निळ्यावर पांढरे पक्षी, पायांपासून छातीपर्यंत, स्वच्छ दिसणारे.

मयताला नेसायचं कापड घराणं ठरवतं, लेकींना एक, सुनांना वेगळं, त्यावरून बाई कुठल्या घरची ते कळतं, हे काय तिला कुणी शिकवायला हवं होतं? तिच्याच आजीच्या मयताचं कापड तिच्या कपाटात घडी करून ठेवलेलं होतं. पण टाकोराडी शहरातल्या त्या ऑफिसात लॅपटॉपसमोर बसलं की बाई दिसत नाही, नुसता चेहरा दिसतो, आणि तो पुसला की काम झालं असं वाटतं. मूर्खपणा, दुसरं काय!

तिने तत्क्षणी व्हिडिओ उडवला. काय उपयोग? प्रा नदीसाठी झगडणारी 'प्रा वाचवा' संघटना म्हणजे दोन खोल्या, एक कुरकुरणारा पंखा आणि अराबाला धरून मोजकी माणसं. पण फेसबुकवर संघटनेच्या मागे लोकांची ही गर्दी. एव्हाना तो व्हिडिओ गावोगावच्या व्हॉट्सॲपवर फिरत होता.

व्हिडिओतली बाई म्हणजे एकुबामावशी. नदीकाठच्या अन्सूम गावात मासे धुरावून विकायची. गाळातलं सोनं काढायला नदीत पारा ओतणारी यंत्रं कुणाची, ते तिने सांगितलं होतं. ती होती तिच्या थोरल्या दिराची, ओतूची. निळं कापड होतं तिच्या सासऱ्याच्या मयताचं, सुनांना वाटलेलं. गावात ते पाच जणींकडे होतं. "मावशी, तुम्हाला कुणी ओळखणार नाही, माझा शब्द," असं अराबाच म्हणाली होती. दुसरं कुणी नाही.

तिने मावशीला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. खुर्चीतून उठली, दारापर्यंत गेली, परत येऊन बसली. जेवायला केंकी, मक्याचा उंडा, आणून ठेवली होती, तिच्यावरचं पान उघडायचंही सुचेना. पुन्हा फोन. नाहीच.

मग व्हॉट्सॲपवर एक चित्र आलं. एका बाजूला व्हिडिओतलं कापड, भोवती लाल गोल. दुसऱ्या बाजूला एका कोवळ्या मुलीचा लग्नातला फोटो. खाली लिहिलेलं, 'घरभेदी मान्सा'.

ही मावशी नव्हती. ही तिची सगळ्यात धाकटी जाऊ, मावशीच्या बोलण्यात आलेली.

अराबाला आधी सुटल्यासारखं वाटलं. हो, वाटलं, खोटं कशाला बोला. पुढच्याच क्षणी तिला स्वतःची किळस आली.

संघटनेच्या पानावर मान्साचा निरोप यायला वेळ लागला नाही. रडून रडून बसलेल्या आवाजात.

"ताई, तुम्ही कोण मला माहीत नाही. थोरल्या भावजींनी माझी पेटी दाराबाहेर टाकलीय. म्हणे, घरात मोठा फोन तुझ्याकडेच, शिकलेली तूच. माझा नवरा बोटीवर आहे, फोन लागत नाही. पोराला घेऊन चर्चच्या पायरीवर बसलेय. एवढंच लिहा हो, की ती बाई मी नाही. दुसऱ्या कुणाचं नाव नका घेऊ."

अराबा तडक फिफीपुढे जाऊन उभी राहिली. संघटना त्याने उभी केली होती, शेवटचा शब्द त्याचाच असायचा.

"फिफीदादा, एक ओळ लिहूया. ही ती नाही म्हणून."

"नाही."

"अरे, पोर रस्त्यावर आलीय!"

"आणि लिहिल्यावर? पाचातली एक गेली, राहिल्या चार. उद्या दुसरी म्हणेल, माझंही लिहा. मग तिसरी. शेवटी कोण उरेल, सांग ना! कोण?"

"म्हणजे बघत बसायचं?"

"माझ्यावर नको ओरडूस. कापड मी नव्हतं ठेवलं."

वर्मी लागलं. त्याचं चूक नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. ती काहीतरी तोडून बोलणार, तेवढ्यात दार ढकलून एकुबामावशी आत आली. साधा पिवळा फ्रॉक, केसांना धुराचा वास, धाप लागलेली.

"मावशी! फोन का नाही उचललात?"

"ट्रोट्रोच्या गाडीत सगळं गाव बसलेलं, काय बोलू?" तिने पाणी मागितलं, उभ्यानेच प्यायली. "ते माझ्या तोंडावरचं धुकं काढ."

"काय?"

"ऐकू येत नाही? चेहरा दाखव माझा."

"तो पुन्हा उघडा होत नाही, मावशी," अराबा म्हणाली. "मूळ व्हिडिओ आम्ही ठेवत नाही. तुमच्याच भल्यासाठी पुसून टाकतो."

"वा गं वा! झाकायला आलं, उघडायला नाही आलं."

फिफी पुढे झाला. "मावशी, शांत व्हा. दोन दिवसांत लोक विसरतील."

"दोन दिवस ती पायरीवर बसेल?" मावशीचा आवाज चढला. "माझ्या डोळ्यांदेखत त्या पोरीची पेटी फेकली त्यांनी. आणि मी काय केलं? मासे उलटत बसले! मान खाली घालून मासे उलटत बसले. लाज वाटते रे मला. काढ तो फोन, नाहीतर बाहेर जाऊन रस्त्यावरच्या कुणाच्याही फोनवर बोलेन."

फिफीने कपाळ चोळलं, मग मान डोलावली. अराबाने फेसबुकवर थेट प्रक्षेपण सुरू केलं. फोन मावशीसमोर धरला.

"मी एकुबा," मावशी म्हणाली. "अन्सूमची. ओतूची यंत्रं आहेत असं सांगणारी बाई मीच. मान्साला त्यातलं ओ की ठो माहीत नाही. तिला घराबाहेर काढलंत, तिची माफी मागा."

स्क्रीनच्या कडेने नावं सरकू लागली. कुणी टाळ्या, कुणी शिव्या. आणि त्यात एक नाव आलं, बादू. मावशीचा नवरा.

अराबाने फोन बाजूला घ्यायला हवा होता. तिला सुचलं नाही. मावशीने नाव वाचलंच. आवाज आला तो रोजचाच.

"बादू, बघतोयस ना? बघ. मान्साला आधी घरात घे. आणि मासे चुलीवर ठेवून आलेय, ते उतरव. खालच्या जाळीवरचे करपतील."

थोड्या वेळाने बादूचं नाव दिसेनासं झालं.

"पुरे," मावशी म्हणाली. अराबाने बंद केलं.

फिफी स्वतःच्या फोनमध्ये डोकं घालून बसला होता. "मावशी, अक्राच्या रेडिओवाल्यांनीही उचललंय. पोलिसांना आता हलावंच लागेल! मान्साचं तर नावही आता कुणी घेत नाही..."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसली. हातात फक्त छोटा बटवा होता, बाकी काही नाही. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"व्हिडिओ कसा काढायचा, कुठे टाकायचा, कुणाला पाठवायचा, तुमचं सगळं ठरलेलं असतं. एक सांगा, मी आज झोपू कुठे?"