बग्गीचा डावा ब्रेक

आमच्या दांडी गावात हिराइतकी संशयी बाई दुसरी नाही, आणि हे मी तिची शेजारीण म्हणून कौतुकानंच सांगते. बर्फाची लादी ती स्वतः उचलून बघायची, मगच बर्फवाल्याला जाऊ द्यायची. तिला फसवणं सोपं नव्हतं. तरी नवरा गेला त्या वर्षी ती फसली.

ओहोटीला बोटी लांब, ओल्या वाळूच्या पलीकडं उभ्या राहतात. तिथून मासळी रस्त्यावरच्या टेम्पोपर्यंत आणायला हिराच्या नवऱ्यानं, भगवंतानं, आणि त्याच्या धाकट्या भावानं, कमलाकांतनं, भंगारातल्या जीपची बग्गी बनवली होती. टप नाही, दारं नाहीत, मागं जाड टायर. पायातला ब्रेक होताच. शिवाय शेजारच्या सीटपाशी दोन दांडे होते. एक ओढला की ब्रेक फक्त मागचं डावं चाक धरायचा, दुसरा ओढला की फक्त उजवं. कमलाकांत चालवायचा, भगवंत दांडे सांभाळायचा, आणि दोघं मिळून बग्गी कसल्याही रेंद्याचिखलातून बाहेर काढायचे.

भगवंत काविळीनं गेला. बग्गी कमलाकांत एकटाच चालवू लागला आणि वरचेवर रेंद्यात रुतू लागला. टेम्पो निघून जायचा, मासळी नरम पडायची, नवऱ्यामागं हिराकडं आलेला अर्धा वाटा आणखी लहान व्हायचा. त्यात तिचा भाऊ रामा रोज ओट्यावर बसून तिचे कान भरायचा.

"मुद्दाम रुतवतो गं. तू कंटाळून तुझा वाटा सोडशील, मंग बग्गी त्याची."

हिराला ते पटलं. पटायचंच! नवरा गेलेल्या बाईला त्या बग्गीशिवाय होतं काय? तिनं गावच्या पंचांपुढं उभं राहून सगळ्यांच्या देखत सांगितलं, "दीर माजा वाटा गिळतो." कमलाकांत खाली मान घालून ऐकत राहिला. मलाही तेव्हा वाटलं, चोराचीच मान अशी खाली जाते.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या दारात आला. "वैनी, उद्या माज्या बाजूला बस."

"कशाला? बुडवायला?"

"दांडे वडायला."

ती बसली, पण मासळी कापायची कोयती मांडीवर घेऊन. आम्ही बायका वाळूवरून बघत होतो आणि हसत होतो.

बोटीकडून भरल्या टोपल्या घेऊन येताना बग्गी रेंद्यात रुतली. भरती चढत होती. डावं चाक चिखल उडवत गरगर फिरत होतं, उजवं घट्ट वाळूवर जागचं हलत नव्हतं.

"डावा वड!" कमलाकांत ओरडला.

हिरानं मागं वळून पाहिलं. बिचारं डावं चाक जीव तोडून फिरतंय, उजवं आळशासारखं बसलंय, आणि हा सांगतो डाव्याला धर! तिनं उजवा दांडा ओढला. बग्गी आणखी खाली गेली.

"वैनी, डावा!"

"चालत्या चाकाला ब्रेक? गाडी बुडवायची हाय तुला, मला ठाव नाय काय?"

पाणी टायरला लागलं. कमलाकांतनं तिच्याकडं बघितलं, आवाज चढवला नाही. "मोकळं फिरतं ते चाक सगळा जोर खातं. त्याला धरलं तर जोर दुसऱ्याकडं जातो. दादा तेच करायचा. माजे दोनी हात स्टेरिंगवर, मी एकटा कसं करू?"

दादाचं नाव निघालं म्हणून असेल, किंवा पाण्याच्या भीतीनं असेल, तिनं डावा दांडा हळूहळू ओढला. गरगर थांबली. उजवं चाक कुरकुरत फिरलं आणि बग्गी पुढं सरकली. पुढं उजवं घसरलं तेव्हा तिनं न सांगता उजवा ओढला. कोयती केव्हा मांडीवरून पडली, तिला कळलंही नाही.

रस्त्यावर टेम्पो अजून उभा होता. हिरा खाली उतरली ती हसतच. किती महिन्यांनी हसताना पाहिलं तिला! "भावजी, उद्यापासून मीच बसते," ती म्हणाली.

कमलाकांत टोपल्या चढवत होता. "उद्या मी नाय. बोईसरला कारखान्यात लागलो. आजच जायाचं हाय."

"आनी बग्गी?"

"तुजी. सगळी. सकाळीच पंचांना सांगून आलो. दांडे तेवढे तुला कळायला पायजे होते, म्हनून बसवलं."

रामा तिथंच होता. त्यानं खुशीत टाळी वाजवली. "बग! अख्खी मिळाली!"

हिरा त्याच्याकडं बघायलाही तयार नव्हती. ती टेम्पोच्या फळीला धरून उभी राहिली. "माजं चुकलं. पंचांपुढं सांगते. जाऊ नको."

"गावानं ऐकलं, वैनी. आता ज्याच्या त्याच्या डोळ्यात तेच दिसतं मला."

त्यानं तिची बोटं हलकेच फळीवरून सोडवली आणि टोपल्यांच्या मध्ये जाऊन बसला. टेम्पो सुरू झाला. अर्ध्या वाट्यासाठी गाव डोक्यावर घेणारी आमची हिरा त्याच्या मागं धावत ओरडत होती, "मला अख्खी नको रे! मला अख्खी नको!"