बेटावर पाठवलेल्या ताट्या

लढाईच्या दिवसांत नागपूरच्या लष्करी कोठारातून कोणता माल आधी रवाना करायचा, हे मी ठरवत असे. निदान मला तसं वाटे. दूर कुठल्याशा बेटावर विमानांसाठी धावपट्टी बांधणं चालू होतं आणि माझा मेहुणा गिरिधर तिथे मुकादम होता. त्यामुळे बेटाचे कागद आले की मी चष्मा पुसून बसायचो.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात वॅगन कमी पडल्या. साहेबांनी विचारलं, यातलं काय मागे ठेवता येईल? यादीत पिण्याच्या पाण्याच्या लोखंडी टाक्या होत्या. मला हसूच आलं. चहूकडे पाणी, तिथे टाक्या कशाला? समुद्र खारट असतो हे शाळेत पाठ केलं होतं. पण मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे आमचा अंबाझरी तलाव, आणि ते तर आम्ही पीतच होतो. टाक्यांवर मी ऐटीत काट मारली. रिकाम्या जागेत इतवारी बाजारातून आणवलेल्या, खिडकीला लावून पाणी शिंपडायच्या वाळ्याच्या ताट्या भरल्या, कारण गिरिधरला ऊन सोसत नाही.

घरी बायकोला म्हणालो, "देवकी, तुह्या भावाले थंडगार हवा पाठवून राहिलो."

त्या संध्याकाळी मला दोनदा चहा मिळाला.

दीड महिन्यानं बेटावरून तार आली. "ताट्या मिळाल्या. त्यांवर शिंपडायला पाणी पाठवा." साहेब खो खो हसले. मला मात्र तेव्हा कळलं, की तिथे प्यायलाही पाणी नाही. टाक्या मी त्याच दिवशी रवाना केल्या, पण पुढचं जहाज महिन्यानं होतं. तो महिनाभर गिरिधरचं पत्र नाही. मी देवकीला खरं सांगून टाकलं. चहा बंद झाला.

दिवाळीला गिरिधर आला, अर्धा उरलेला. देवकीनं गूळपाणी पुढे ठेवलं.

"दिवसाले एक पेला पाणी भेटे, भाऊजी," तो म्हणाला. "टाक्या कापनारा कोन, त्याले एकदा पाहाचं आहे."

"पाहून घे गा," मी म्हणालो. "मीच तो."

त्यानं गूळपाण्याचा पेला एका दमात संपवला. मला लाज वाटत होती, मान वर होईना. मग त्यानं रिकामा पेला पुढे केला.

"भरा."

मी भरला. त्यानं पिऊन पुन्हा पुढे केला. सातव्या पेल्याला त्याला पाणी जात नव्हतं, तरी तो हात पुढे करत होता आणि मी भरत होतो. माठ संपला. देवकीनं घागर माझ्यापुढे ठेवली, आणि मी विहिरीकडे निघालो.