मोजून घेतलेली दोरी

मी गळाची दोरी बोलते आहे. माझ्या चकतीवर ‘फ्लुरोकार्बन’ असे ठसठशीत अक्षरांत छापलेले आहे. ते वाचून माझ्याविषयी मत बनवू नये, ही पहिली विनंती. मी नायलॉन आहे. साधे, स्वस्त नायलॉन. मला हे जन्मापासून ठाऊक होते. इतरांना कळेपर्यंत मात्र एका माणसाची नदी सुटली.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. ते गाव कोणते, हे मला सांगता येणार नाही, कारण खोक्याबाहेर मी फार उशिरा आले. वितळलेल्या मण्यांतून मला ओढून काढले, गार पाण्यातून नेले, ताणले आणि चकतीवर गुंडाळले. चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या बाई नायलॉनच्या चिठ्ठ्या हातात घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात शेडचा मालक आला आणि म्हणाला, ‘‘आजचा माल त्या दुसऱ्या नावाने जाऊ द्या.’’ बाईंनी मान खाली घालून चिठ्ठ्यांचा गठ्ठा बदलला. एवढ्यानेच माझे कुळ बदलले.

ज्यांना गळाचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आजकाल मासे धरणाऱ्यांच्या रिळावर विणलेली दोरी असते. ती बारीक, बळकट आणि न ताणणारी. परंतु दगडावर घासली की तिचे पीळ एकेक करून तुटतात, आणि नितळ पाण्यात ती माशाच्या नजरेस पडते. म्हणून तिच्या टोकाला, गळाच्या आधी, दोन-तीन वाव, म्हणजे पसरलेल्या हातांच्या दोन-तीन लांब्या, फ्लुरोकार्बन जोडतात. त्याला लीडर म्हणतात. तो पाण्यात सहसा दिसत नाही, दगडाशी झगडतो आणि सरळ तळाला जातो. मला यांतले काहीही नीट जमत नाही. मी पाणी पिते, फुगते आणि खडकापुढे लवकर हार मानते.

माझे धनी बन्सीलाल. तापीच्या काठी, शिंदखेडा तालुक्यातले हे गाव त्यांचे जन्मगाव. परंतु आयुष्याची छत्तीस वर्षे त्यांनी वरणगावच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली. तयार झालेला प्रत्येक नग मोजायचा, आणि केसभर जरी चुकला असेल तरी बाजूला काढायचा, हे त्यांचे काम. निवृत्त होऊन ते पत्नी सुनंदाबाईंसह गावी परतले तेव्हा त्यांच्या पेटीत जाडी मोजायचा एक मायक्रोमीटर होता, आणि बोलण्यात एक शिस्त होती. गावात सगळे अहिराणी बोलतात. बन्सीलाल मात्र पुस्तकातल्यासारखे बोलत.

त्यांचा बालपणाचा सोबती सुकदेव. त्याने जन्मभर जाळे फेकले. गेल्या वर्षी त्याचा उजवा खांदा धरला, हात कानाच्या वर जाईना, आणि जाळे खुंटीला लागले. त्याचा मुलगा प्रेमराज धुळ्याला एमआयडीसीत कामाला आहे. दिवाळीला आला असताना तो बापाला म्हणाला, ‘‘नाना, खांदा उचलस नही, ते नदीवर कसाले जातस? चला मन्हासंगे धुयाले.’’

सुकदेव खुंटीवरच्या जाळ्याकडे पाहू लागला. बोलले ते बन्सीलाल. ‘‘जाळे गेले म्हणून नदी जात नाही. काठी आणि रीळ खांद्यावर ताण आणत नाहीत. संक्रांतीपर्यंत त्याला अवधी दे. सर्व साहित्य मी निवडून देतो.’’

प्रेमराज हसला. ‘‘ठीक शे, काका. संक्रांतपावत नानाना हातले मोठा मासा लागना, ते ऱ्हाऊ द्या. नही लागना, ते मी लई जासू.’’

असा करार झाला. सुकदेवची नदी त्या दिवसापासून बन्सीलालांच्या निवडीवर टांगली गेली.

बन्सीलालांनी निवड फार मनापासून केली. महिनाभर ते मोबाइलवर माहिती वाचत होते, चाळीस पानांची वही भरत होते. विणलेली दोरी कोणती, लीडर किती लांब, जाडी किती. अखेर मला कुरियरने मागवले. मी आले त्या दुपारी त्यांनी सतरंजी अंथरली, चष्मा पुसला आणि मायक्रोमीटरच्या जबड्यात मला दहा ठिकाणी धरले. दहाही ठिकाणी एकच आकडा आला. मग त्यांनी मला खुंटीला बांधून खाली ज्वारीची पिशवी टांगली. मी तुटले नाही. तुटणार कशी? घर कोरडे होते आणि तिथे एकही दगड नव्हता.

‘‘उत्तम,’’ ते म्हणाले. ‘‘शंभरात एक असा माल आहे.’’

सुनंदाबाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘कारखान्यात लाखभर नग तपासले म्हणता. घरातला एक नग चाळीस वर्षं बोलत नाही, म्हणून तोही पास झाला असंच धरून चालला आहात.’’

‘‘सुनंदा, विषय दोरीचा आहे.’’

‘‘हो, तुमचा विषय नेहमी दोरीचाच असतो.’’

सुकदेव आला. त्याने मला बोटांत फिरवले, उन्हात धरले आणि मग दाढेखाली चावले. त्याच्या दाढेने मला एका क्षणात ओळखले. मी मनातल्या मनात त्या दाढेला नमस्कार केला.

‘‘बन्सीभाऊ, हाई दोरी दातले नरम लागस. आपला जुना नायलॉनसारखी शे.’’

‘‘सुकदेव, दात हे मोजमापाचे साधन नव्हे,’’ बन्सीलाल म्हणाले.

‘‘मन्हा बाप दातवरच दोरी घेत व्हता.’’

‘‘तुझ्या वडिलांच्या काळी मायक्रोमीटर नव्हता.’’

सुकदेव हसला आणि गप्प बसला. शिकलेल्या मित्रापुढे गप्प बसायची त्याला जुनी सवय होती. बन्सीलालांनी माझे तीन वाव कापून त्याच्या विणलेल्या दोरीला स्वतः गाठ मारून जोडले. गाठ त्यांनी थुंकीने ओली करून आवळली, हे मात्र अचूक केले. उरलेली मी चकतीवर घरीच राहिले. दोरी कापली तरी दोन्हीकडचे तिला कळत राहते, असे समजा.

मार्गशीर्ष संपेपर्यंत सुकदेवला लहानसहान मासे मिळाले. नदी निवळत चालली होती. तो डाव्या हाताने काठी टाकायला शिकला. सकाळी आपली छोटी होडी, डोंगा, घेऊन बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जायचा, आणि दुपारी बन्सीलालांच्या ओट्यावर येऊन बसायचा. दरम्यान मी रोज भिजत होते, रोज थोडी मऊ होत होते. मला ते कळत होते. ओरडून सांगावे असे अनेकदा वाटले. पण दोरीचे बोलणे तुटतानाच ऐकू येते.

संक्रांतीला बारा दिवस उरले होते. सकाळचे ऊन नुकते पाण्यावर आले होते. काळ्या खडकाच्या कपारीजवळ एका मरळीने गळ घेतला. मोठी मरळ होती. तीन-साडेतीन किलोंची तरी असावी. त्याने घाई केली नाही. दोरी सोडली, घेतली, पुन्हा सोडली. त्याचा डावा हात अगदी शहाण्यासारखा वागत होता, याची साक्षीदार मी आहे. मरळ कपारीत शिरली आणि मी खडकाच्या धारेवर आले. तिथे खरी फ्लुरोकार्बन असती तर कदाचित टिकली असती. मी दोन वेळा घासली गेले आणि तुटले.

काठी हलकी झाली. सुकदेव बराच वेळ तुटलेल्या टोकाकडे न पाहता स्वतःच्या हाताकडे पाहत बसला.

दुपारी तो ओट्यावर आला आणि म्हणाला, ‘‘मन्हा हात गया, बन्सीभाऊ. जास्त वढी लिधं मी. आते नही जमाव.’’

‘‘एका माशावरून निष्कर्ष काढू नये,’’ बन्सीलाल म्हणाले. परंतु दोरीविषयी शंका त्यांच्या मनाला शिवलीही नाही. दोरी पास झालेली होती. मग चुकले असेल ते माणसाचे.

त्याच आठवड्याच्या रविवारी धुळ्याहून नीलेश आला. हा शाळेत शिक्षक असून सुटीच्या दिवशी गळ टाकायला येत असे, आणि बन्सीलालांना मान देत असे. सुकदेवची काठी ओट्याच्या कोपऱ्यात उभी होती. नीलेशने माझे तुटलेले टोक हातात घेतले. ते कुरळे झाले होते, आणि पिंजल्यासारखे पांढरे पडले होते.

‘‘काका, हे फ्लुरोकार्बन वाटत नाही.’’

‘‘मी स्वतः तपासले आहे.’’

‘‘काय तपासलं?’’

‘‘जाडी. आणि ताण.’’

‘‘काका, जाडी तर शेवयांचीसुद्धा बरोबर असते,’’ नीलेश हसत म्हणाला. ‘‘एक तांब्या पाणी आणा ना काकू.’’

सुनंदाबाईंनी तांब्या आणला. नीलेशने आपल्या खिशातल्या चकतीवरच्या खऱ्या फ्लुरोकार्बनचा बोटभर तुकडा कापला, माझाही बोटभर कापला, आणि दोन्ही पाण्यात सोडले. त्याचा तुकडा मुकाट्याने तळाला गेला. मी वरच तरंगत राहिले. एवढ्याशा पाण्यात माझे सगळे आयुष्य उघडे पडले. मला लाज वाटली; आणि खरे सांगायचे तर थोडे हायसेही वाटले.

बन्सीलाल तांब्यात वाकून पाहत राहिले. नीलेश गेल्यावर सुनंदाबाई म्हणाल्या, ‘‘आत्ताच्या आत्ता जाऊन सुकदेवभाऊंना सांगा. ते बिचारे स्वतःच्या हाताला दोष देत बसलेत.’’

‘‘सांगतो. आधी चाचणी पुन्हा एकदा घेऊ. एका निकालावर विसंबणे योग्य नाही.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाचणी पुन्हा घेतली. मी तरंगले. तिसऱ्या दिवशी पाणी बदलून घेतली. मी तरंगले. चौथ्या दिवशी पितळी तांब्याऐवजी काचेचा पेला घेतला. आठ दिवस ते रोज मला पाण्यात सोडत होते आणि मी रोज तेच उत्तर देत होते. छत्तीस वर्षांत ज्याच्या हातून वाईट नग बाहेर गेला नाही, त्याला ‘माझ्या हातून गेला’ हे तीन शब्द उच्चारायला किती जड जाते, ते मी त्या पाण्यातून पाहिले. त्यांची कीव यावी की राग, हे मला ठरवता आले नाही. मी केवळ थकले.

सुनंदाबाई शेवटी म्हणाल्या, ‘‘अहो, अजून किती बुडवणार तिला? ती बुडत नाही. तुम्हीच बुडताय.’’

आठव्या दिवशी सुनंदाबाईंनीच बातमी आणली. सुकदेवने डोंगा गावातल्याच रुपचंद नावाच्या मासे धरणाऱ्याला दिला होता. प्रेमराज त्याला न्यायला आला होता. संक्रांतीचीही वाट पाहायची नाही, असे सुकदेवनेच ठरवले होते.

बन्सीलालांनी पेल्यातला तुकडा रुमालात घेतला आणि पायात जे सापडले ते घालून निघाले. फाट्यावर पोचले तेव्हा एसटी येऊन उभी होती. सुकदेव पायरीजवळ होता. प्रेमराज पिशव्या वर चढवत होता.

बन्सीलालांना धाप लागली होती. त्यांनी काहीतरी व्यवस्थित वाक्य मनात जुळवले असावे. पण ते बाहेर आलेच नाही. इतक्या वर्षांची पुस्तकी भाषा त्यांच्या तोंडून गळून पडली.

‘‘सुकदेव, तुन्हा हात नही चुकना. मी चुकनू.’’

त्यांनी रुमाल उघडून मला पुढे केले. ‘‘हाई नायलॉन शे. मीच पास करं. आठ दिन व्हयनात, माले म्हाईत शे.’’

सुकदेवने मला घेतले आणि पुन्हा दाढेखाली चावले. मग बन्सीलालांकडे पाहिले.

‘‘आठ दिन?’’

‘‘हो.’’

‘‘आठ दिन मी ह्या हातले शिव्या देत व्हतू, बन्सीभाऊ.’’

सुकदेवने आपला डावा हात समोर धरला, पालथा केला, मुठीत मिटला, उघडला. जणू कुणी हरवलेली वस्तू आणून दिली होती आणि ती तपासून घ्यायची होती.

‘‘मंग हात चांगला शे?’’

‘‘चांगला शे.’’

‘‘नाना, चला. गाडी थांबाव नही,’’ प्रेमराज वरून म्हणाला. मग दोघांचे चेहरे पाहून त्याने आवाज खाली आणला. ‘‘ऱ्हावानं व्हई ते ऱ्हावा. मी काही वढीसन नही लई जात.’’

सुकदेवने थोडा वेळ नदीच्या दिशेला पाहिले. ‘‘डोंगा रुपचंदना व्हयी गया,’’ तो म्हणाला. ‘‘त्यानी डांबरबी लावी टाकं. दिल्हा शबद दिल्हा.’’ आणि त्याच डाव्या हाताने दांडा धरून तो एसटीत चढला. खिडकीतून त्याने मला बन्सीलालांच्या हाती परत दिले. रागाने दिले असते तर बरे झाले असते. तो म्हणाला, ‘‘फेकू नको हाई नदीमा. पाखरंना पायमा गुतस.’’

त्याला आता काही महिने झाले. मी बन्सीलालांच्या फडताळात आहे. पिवळी पडले आहे, ठिसूळ होत चालले आहे, आणि मला आता कुणाच्याही गळाला बांधू नये. गळाचा नाद असलेली मंडळी लीडर कोणता घ्यावा हे विचारायला येतात, तेव्हा बन्सीलाल प्रथम मला बाहेर काढतात आणि स्वतःची चूक सांगतात, आणि मग बाकीचे. वाचकहो, तुम्हीही दोरी घ्याल तेव्हा ती ओली करून पाहा, दगडावर घासून पाहा, आणि जवळ कुणी नदीवर वाढलेला माणूस असेल तर ती त्याच्या हाती द्या. तो काही म्हणाला तर त्याचे पूर्ण ऐकून घ्या. माझ्याकडून सांगण्यासारखे एवढेच आहे. आता मला निजू द्यावे.

निजण्याआधी एक सांगायचे राहिले: सुकदेव धुळ्याहून रोज सकाळी फोन करतो. प्रेमराजच्या खोलीतून नदी दिसत नाही. तो एकच विचारतो, ‘‘बन्सीभाऊ, पानी कसं शे?’’

पहिले काही दिवस बन्सीलाल खाटेवरूनच सांगत, ‘‘उत्तम आहे, निवळ आहे.’’ आता तसे सांगत नाहीत.

‘‘अजून पाहिलेले नाही, सुकदेव,’’ ते म्हणतात. ‘‘फोन चालू ठेव. मी जाऊन पाहतो.’’

आणि फोन कानाला तसाच धरून, काठी टेकत, ते उताराने नदीकडे चालू लागतात.