रुतलेला वाळा

मी एक जुना चांदीचा वाळा आहे. पण मित्रांनो, मी आता गोल नाही. मला एका बाजूने कापलं आहे.

मुलुंडच्या एका सोनाराने मला घडवलं. राजारामच्या बारशाला दशरथमामाने मला त्याच्या पायात चढवलं. शेवंती, म्हणजे त्याची आई, पदराखाली पाजायला घ्यायची, तेव्हा तो पाय झाडायचा आणि माझी घुंगरं खुळखुळायची. ते माझे सुखाचे दिवस!

पुढे शेवंती कारखान्यात परत कामावर रुजू झाली. तिचं दूध आटलं. मग घरात डब्यातलं गोड दूध आलं. चहात घालायचं, स्वस्तातलं. मालनआजी त्यात भरपूर पाणी घालून नातवाला पाजायच्या. तो मिटक्या मारत प्यायचा.

काही महिन्यांनी मी त्याच्या पायात रुतू लागलो.

"अगं शेवंती, बघ तरी, कसं बाळसं धरलंय पोरानं! तुझ्या भावाला सांग, चांदीत कंजुषी केलीन म्हणावं!" मालनआजी म्हणाल्या.

"तुमच्या हातचं दूध मानवलं हो त्याला," शेवंती म्हणाली. दोघी हसल्या.

मला मात्र हसू येईना. मी जरा सरकलो, की माझ्या जागी खळगा उरायचा. तो लवकर भरूनच यायचा नाही. पाय फुगले होते, पण दंड काड्यांसारखे झाले होते. केस तांबूस पडले. पाय झाडणं थांबलं. मी गप्प झालो, आणि ते कुणाच्या कानी आलं नाही.

मोठ्या वाळ्यांचं माप घ्यायला मामा आला. भाच्याने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ताई, हा रडतपण नाही गं. चल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या पायावर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला.

"बाळसं नाही हे, सूज आहे. या डब्यात साखरच जास्त. बाळ वाढेल असं त्यात थोडंच, तेही तुम्ही पाणी घालून पातळ केलंत."

"पण बाई, डब्यावर दूधच लिहिलंय ना?" शेवंतीने विचारलं. मालनआजींनी तोंडात पदर कोंबला.

तिथेच मला कापून काढलं. राजाराम वाचला. पण चालायला फार उशिरा लागला, आणि माझी घुंगरं वाजवत तो घरभर कधीच धावला नाही.

आता मी डबीत असतो. चाळीत कुणी बाळसं दाखवायला तान्हं आणलं, की शेवंती त्याच्या पावलावर अलगद अंगठा दाबते. खळगा पडला नाही, की मगच हसते.

मित्रांनो, तुमच्या घरी लहान भावंड असेल, तर त्याला काय पाजतात ते विचारा. आणि त्याच्या पायातला वाळा घट्ट झाला, तर कौतुक मागाहून करा. आधी घुंगरं वाजतायत ना, तेवढं ऐका.