तळव्यातून काढलेलं विष

आर्णीजवळच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध निळा टब, टबात फवारणी करून आलेल्या किसनरावांचे दोन्ही पाय आणि विजेच्या तारा लावलेली एक डबी. पाच मिनिटांत स्वच्छ पाणी पिवळट झालं, मग तांबूस, मग काकवीसारखं.

"निघालं! फवारणीचं विष निघालं!" तळवे महाराज गरजले. "डॉक्टर सुया टोचते, मी तळव्यातून वढून काढतो!"

लोकांनी हात जोडले. मी नाही जोडले. मी अंजू राठोड, कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. गेल्या सप्टेंबरात माझा भाऊ लखन याच टबात पाय घालून बसला होता. कपाशीवर फवारणी करून आला आणि ओकू लागला. पाणी तांबडं झालं, महाराज म्हणाला, "पोरगा शुद्ध झाला, घरी न्या." दुसऱ्या दिवशी लखन गेला. मी तेव्हा परगावी होते. वर्षभर मी या माणसाला लोकांदेखत उघडं पाडायची वाट पाहत होते. लोक त्याला न्याय म्हणतील. मी सूडच म्हणते.

किसनरावांच्या तोंडातून लाळ गळत होती. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, विष अजून अंगातच असल्याची खूण.

"काकू, यायले आत्ताच दवाखान्यात न्या," मी त्यांच्या बायकोला, बेबीताईंना म्हटलं.

"कायले? विष त निघालं ना! डोळ्यानं पाह्यलं म्या."

"मग आणखी एकदा पाहा."

मी किसनरावांचे पाय बाहेर काढून टब पालथा केला, ताजं पाणी भरलं. महाराज पाण्यात टाकतो ती वाटीतली 'विभूती' जिभेवर ठेवली. मीठ! मूठभर टबात टाकलं.

"भस्म होशील, पोरी!" महाराज आडवा आला.

"लखनची बहीण हाओ मी. होऊ द्या भस्म."

तारा लावलेली ती डबी पुन्हा पाण्यात सोडली आणि बटण दाबलं. टबात कोणाचाच पाय नव्हता. सगळे रिकाम्या पाण्याकडे टक लावून बसले. पाणी पिवळट झालं. मग तांबूस. मग काकवी.

"काय महाराज, टबानं कोणत्या वावरात फवारणी केली?"

कोणीतरी फिसकन हसलं. मी डबी उघडून आतल्या दोन लोखंडी पट्ट्या दाखवल्या. "मिठाच्या पाण्यात वीज सोडली का लोखंड गंजते. हा गंज आहे."

आमच्या बंजारा तांड्याचे नायक, म्हणजे वस्तीचे प्रमुख, भीमसिंगकाका पुढे आले. "पण पोरी, औषध कातडीतूनच त आत गेलं. मग तिथूनच बाहेर काहून येत नाही?"

"काका, कातडीत वर मेलेल्या पेशींचा थर असते. त्याखाली जित्या पेशी एकमेकींले इतक्या घट्ट शिवल्या राह्यतात, का मधल्या फटीतून पाणीही सहज जात नाही. ती शिवण नसती त आपण उन्हात वाळून गेलो असतो. फवारणीचं औषध तेलकट. ते फटीतून नाही, पेशीतच विरघळून आत शिरते, रक्तात जाते, अंगभर फिरते. मग त्याले मोडते यकृत, बाहेर टाकते मूत्रपिंड. तळव्याची कातडी त अंगातली सगळ्यात जाड. तिथून हा काय काढते, कपाळ?"

बेबीताई उठल्या. त्यांनी तो टब उचलला आणि सगळं पाणी महाराजाच्या पांढऱ्या धोतरावर ओतलं. "माह्या माणसाले मारून राह्यला होता तू!"

आम्ही किसनरावांचा औषधाने भिजलेला सदरा काढला, साबणाने अंग धुतलं आणि भीमसिंगकाकांच्या गाडीतून दवाखान्यात धाडलं. नवव्या दिवशी ते चालत घरी आले.

मी मात्र त्या दिवशी पोलिसांना फोन केला आणि ते येईपर्यंत शेडच्या दारातून हलले नाही. महाराज हात जोडून म्हणाला, "माफ कर, ताई."

"लखनले माग माफी."

जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. त्यात पहिलं नाव मी माझ्या भावाचं लिहिलं. महाराजाला बेड्या पडल्या तेव्हा मला बरं वाटलं का? वाटलं. खूप बरं वाटलं. पण लखन त्यानं परत आला नाही, म्हणून तुम्हाला सांगते. फवारणीनंतर चक्कर आली, ओकारी झाली, तर कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा आणि थेट दवाखाना गाठा. वाटेत कोणी चमत्कार दाखवायला थांबवलं, तर त्याला एवढंच म्हणा: आधी माणसाशिवाय करून दाखव.