गोठ्यामागची अंडी

आदी सांगतो, मला अंड्याची किळस येती. बारा वर्सं झाली गळ्यात माळ घालून, आन त्याच्या आदी बी मी कवा अंड्याला हात लावला न्हवता. आन उकडताना सुटतोय तो वास! छ्या, छ्या. आता सांगताना बी तोंडाला पानी सुटलंय, वकारीचं.

तरी दारात अंडी आलीच. कारण माझी लेक साक्षी. ती पोलीस भरतीसाठी पलूसच्या मैदानावर पळती. गेल्या साली भरतीत आठशे मीटर पळताना शेवटच्या वळणावर भोवळ आली आन पोरगी खालीच बसली. डॉक्टरनं रगत तपासलं. लय कमी हाय म्हनला. गोळ्या दिल्या आन वर म्हनला, रोज चार अंडी उकडून द्या, अंगात ताकद न्हाई हिच्या. औंदाचं मैदान बावीस दिवसांवर आलंय. साक्षी म्हनली, "आबा, या खेपंला बसले तर परत पळायची न्हाई मी."

मग मी नियम काढला. अंडं उंबऱ्याच्या आत येनार न्हाई. गोठ्यामागं तीन दगडांची चूल मांडायची, पोचा पडलेल्या एका पातेल्यात उकडायची, तिथंच खायची आन चूळ भरून मग घरात यायचं. माझी बायको तानुबाई उकडायची, पोरगी शेनाच्या ढिगाशेजारी उकिडवी बसून खायची, आन मी लांब उपरन्यानं नाक दाबून हुबा. एवढं चालवून घेत हुतो. आनखी काय करायचं मानसानं?

त्यात कराडला सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं. तानुबाई आठ दिसांसाठी निघाली. जाताना म्हनली, "आवं, सकाळची चार अंडी तेवढी उकडा. गार पान्यात सोडायची, उकळी आली की धा मिनटं, मग वरनं गार पानी वतायचं. बटाट्यापरास सोपं हाय."

सोपं म्हनं! दुकानातनं डझनभर आनली. पिशवी माळंला लागू नये म्हनून गाडीच्या हँडलला लांब अडकवली. स्पीडब्रेकरवर गाडी उडाली आन पिशवी दानकन आपटली. घरी आलो तर पिवळं पिवळं गळतंय, टाकीवर, बुटावर, पायजम्यावर. थू! पिशवी तशीच उकिरड्यात फेकली आन तीनदा अंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दुकान बंद. पोरगी पळून आता येईल, आन चुलीवर नुसतं पानी. गरजवंताला अक्कल नसती म्हनत्यात ते काय खोटं न्हाई. शेजारच्या बनुबाईच्या पडवीत पाटीत कोंबडी बसलेली मला ठावं हुतं. बनुबाई डेअरीला गेलेली. म्हनलं, सांजच्याला सांगू. डोळं मिटून कोंबडीखाली हात घातला. तिनं मनगटाला टोचलं. चार अंडी काढली, तर ती गरम! म्हनलं, बरं झालं, ताजी हायत.

आता मला काय ठावं? अंड्याकडं कवा नीट बघितलं बी न्हवतं. उकडली धा मिनटं. साक्षी घामानं निथळत आली, उकिडवी बसली, पैलं अंडं दगडावर आपटून सोललं आन तशीच थांबली.

"आबा..."

आत पिल्लू हुतं. काळं, चिकट, ओली लव आलेलं. चोच हुती. मिटलेला डोळा हुता. आन जो वास सुटला, आरं देवा! साक्षी ढिगाच्या एका बाजूला ओकली, मी दुसऱ्या बाजूला. तेवढ्यात बनुबाईचा आवाज आला, "कुनी नेली रं माझ्या खुडूक कोंबडीखालची अंडी? उबवायला बसवून चौदा दिस झालं हुतं!"

बारा वर्सं मुंगीवर पाय दिला न्हाई मी, आन चार पिल्लं उकडली. अंड्याची किळस हुतीच, त्यात सोताची बी यायला लागली.

साक्षीनं अंडी सोडली. एक दिस, दोन दिस, तीन. चौथ्या दिवशी सरावात सहाशे मीटरवरच खाली बसली. पळायला शिकवनाऱ्या मास्तरनं गाडीवर घालून घरी आनली. मी म्हनलं, "अगं, ते चुकून झालं. दुकानातल्यात पिल्लू नसतंय. खा की."

"पिल्लू इसरले मी आबा," ती म्हनली. "घास तोंडात घातला की समोर तुमचं तोंड दिसतंय. मी काय तरी घान खातीया असं बघता तुमी. शेनाजवळ बसवून खायला घालता आन म्हनता अंगाला लागू दे. कसं लागंल?"

लय राग आला मला. मनात म्हनलं, तुझ्यासाठी येवढं करतोय आन वर मलाच बोल? पन पोरगी खरं बोलली हुती.

सकाळी दुकान उघडायच्या आदीच दारात जाऊन बसलो. अंडी छातीशी धरून आनली, माळंला लागली तर लागली. घरात, गॅसवर, रोजच्या डाळीच्या पातेल्यात उकडली. वास घरभर झाला, देव्हाऱ्यापतोर. नाक दाबलं न्हाई. मग आपल्या बोटांनी सोलली. गुळगुळीत, गरम, ओलं अंडं हातात आलं आन अंगावर काटा आला. ताटात ठेवली, वर मीठ भुरभुरलं आन उपरनं खुंटीला टांगून साक्षीच्या म्होरं मांडी घालून बसलो.

तिनं ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आबा, घान न्हाई वाटत?"

"न्हाई गं. कशाची घान? खा तू."

माळकऱ्यानं खोटं बोलायचं नसतंय. बारा वर्सांतलं ते माझं पैलं खोटं. साक्षीनं माझ्या तोंडाकडं बघत बघत एक खाल्लं, मग दुसरं उचललं. मी हसत हुतो, दातावर दात दाबून. चारी संपवून, ताट धुऊन ती भरतीच्या क्लासला गेली.

मग मी गोठ्यामागं गेलो, शेनाच्या ढिगाशेजारी उकिडवा बसलो आन पोट रिकामं हुईतोर ओकलो. चूळ भरली, आन मग घरात आलो.