योसिपचे सैनिक

शरदचंद्र रिसबूड यांना दोन गोष्टींचा सोस होता, लढायांचा आणि माईकचा. त्यातला पहिला निरुपद्रवी. विजेच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून कॅनडातल्या व्हिटबीच्या घरात ते रोज सकाळी चहाबरोबर एखादा किल्ला लढवायचे आणि जयंतीबाई समोर बसून भाजी निवडता निवडता "हं" म्हणायच्या. दुसरा सोस मात्र वाईट. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं त्यांच्या आईने ते चौथीत असतानाच म्हणून ठेवलं होतं. एकाहत्तराव्या वर्षीही त्यात फरक पडला नव्हता. पडला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

शेजारच्या घरात योसिप राहायचा. अडुसष्ट साली क्रोएशियातून आलेला सुतार, वय एकोणऐंशी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, बायको ब्याण्णवच्या वसंतात वारलेली. रिसबूड तिथे राहायला आले पंच्याण्णवात. पहिली दोन वर्षं दोघांची ओळख बर्फ शोव्हल करताना हात हलवण्यापुरती होती. मग एका मार्चमध्ये योसिपने त्यांना आपल्या बेसमेंटमध्ये नेलं, आणि वर येईपर्यंत जयंतीबाईंची आमटी तीनदा गरम करून झाली होती.

बेसमेंटमध्ये भिंतीला लागून एक लांबच लांब टेबल होतं आणि त्यावर सैनिक होते. वीतभर उंचीचे, लाकडात कोरलेले, एकामागून एक रांगेत, हजार वर्षांचे. प्रत्येकाच्या बैठकीखाली योसिपने तीन गोष्टी कोरल्या होत्या: साल, गाव, आणि हा गडी कुणासाठी लढला. सगळ्यांत पहिल्या भालाइताखाली 'राजासाठी' होतं. त्यांचा स्वतःचा राजा. पुढे राज्य गेलं, आणि मग जी रांग सुरू झाली ती सगळी परक्यांसाठी लढणाऱ्यांची. 'झा बेच' म्हणजे व्हिएन्नासाठी. 'झा वेनेत्सियू', व्हेनिससाठी. रशियाच्या बर्फात फाटक्या बुटांनी उभा असलेला एक होता, त्याच्याखाली 'झा नापोलेओना'. 'झा' म्हणजे 'साठी', एवढी क्रोएशियन शरदचंद्रांना आली आणि तेवढी पुरली.

"चारशे वर्षं आम्ही युरोपचा दरवाजा होतो," योसिप म्हणायचा. "आतले लोक ऊबेत जेवत होते. दरवाज्याला कुणी विचारतं का, बाबा रे, तुला थंडी वाजते का?"

सरहद्दीवरच्या शेतकऱ्यांना जमीन मिळायची ती बंदूक उचलण्याच्या अटीवर, हे त्याने सांगितलं तेव्हा शरदचंद्र उडालेच. "आमच्याकडेही हेच! पेरणीला घरी, दसऱ्याला मोहिमेवर!" सिगेतच्या किल्ल्यात दोन-अडीच हजार माणसांनी तुर्की सुलतानाची अख्खी फौज महिनाभर अडवून धरली आणि शेवटी ती माणसं दार उघडून बाहेर पडून मेली, हे ऐकल्यावर त्यांनी योसिपला नाशिकजवळचा रामसेज सांगितला. योसिपने रामसेज कागदावर लिहून घेतला. गळ्यात रुमाल बांधलेल्या एका घोडेस्वाराकडे बोट दाखवून तो म्हणाला होता, "आमच्या शिपायांचा हा रुमाल पॅरिसच्या लोकांना आवडला, त्याचा पुढे टाय झाला. जगाला आम्ही दिलं काय, तर फास. पण रेशमाचा."

दुसऱ्या महायुद्धापाशी एकाच बैठकीवर दोन सैनिक होते, एकमेकांकडे पाठ केलेले. ते योसिपचे दोन काका, दोन विरुद्ध बाजूंचे. त्यांच्याखाली नुसतं 'झा' होतं आणि पुढे कोरं लाकूड. त्याबद्दल तो बोलत नसे.

आणि सगळ्यांत शेवटी एक रिकामी जागा होती. टेबलावर पेन्सिलने आखलेला तळहाताएवढा चौकोन, शेजारी १९९१.

त्या चौकोनाची गोष्ट कळायला आणखी कितीतरी वर्षं गेली. एक्क्याण्णवात तिकडे क्रोएशियाच्या स्वातंत्र्याचं युद्ध पेटलं तेव्हा इथल्या चर्चमधून काही पोरं विमानाने लढायला गेली. योसिपचा मुलगा दावोर तेव्हा बावीस वर्षांचा होता. लहानपणापासून त्याने याच टेबलापाशी बसून सगळ्या लढाया ऐकलेल्या. पण तो गेला नाही. "मी त्याला सांगितलं," योसिप म्हणाला, "'हजार वर्षं आपण दुसऱ्यांसाठी मेलो. आता पहिल्यांदा आपल्यासाठी मरायची वेळ आली, तेव्हा हाक आली आणि तू कान झाकलेस.' पुढच्या वर्षी तो घरातून गेला. सडबरीला असतो. फोन नाही, काही नाही." मग गुडघा चोळत तो म्हणाला, "चूक माझी होती, शरद."

खरं तर इथेच शरदचंद्रांनी विचारायला हवं होतं, की चूक तुझी कशी काय? पण त्यांच्या डोक्यात तेव्हा हजार वर्षांनंतरची हाक घुमत होती. वाक्य झकास होतं. त्यांनी ते मनात टिपून ठेवलं.

दोन हजार नऊच्या ऑक्टोबरात मराठी मंडळाने कम्युनिटी सेंटरमध्ये दसऱ्याचा कार्यक्रम ठेवला. शस्त्रपूजेला दरवर्षी स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि कुणाचा तरी स्क्रूड्रायव्हरचा सेट मांडला जायचा. यंदा योसिपचे सैनिक मांडायचे आणि त्यांच्यावर शरदचंद्रांनी बोलायचं, ही कल्पना अर्थात शरदचंद्रांचीच. योसिप आधी नको म्हणाला. आठ दिवसांनी तो काठी टेकत स्वतः आला.

"दावोरला बोलवायचं. घरी बोलावलं तर तो यायचा नाही. चार माणसांत कदाचित येईल. मी लिहिलं की भांडण होतं, तुला शब्द येतात, तू लिही." दारातून वळता वळता म्हणाला, "आणि तुझं झालं की शेवटी मला दोन मिनिटं दे."

"दोन काय, दहा घे!" शरदचंद्र म्हणाले.

त्यांनी पत्र लिहिलं आणि ते खरंच चांगलं लिहिलं. पंधरा दिवसांनी फोन आला. पलीकडचा आवाज खर्जातला, तुटक. "येतो असं म्हणत नाही. बघतो." योसिपला हे सांगितल्यावर त्याने त्याच दुपारी बेसमेंटचं दार आतून लावून घेतलं आणि नंतरचे बरेच दिवस खालून लाकूड घासल्याचा आवाज येत राहिला. जयंतीबाईंनी तो ऐकला. शरदचंद्र भाषण पाठ करत होते.

"अहो, स्पीच जरा शॉर्ट ठेवा," जयंतीबाई गाडीत म्हणाल्या. "योसिपसाठी आहे ना हे? तुम्हाला माईक मिळाला की तुम्ही कुणाचे राहत नाही."

"पंधरा मिनिटं फक्त," शरदचंद्र टायची गाठ सारखी करत म्हणाले. टाय आज मुद्दाम घातला होता.

पंधराची चाळीस झाली. योसिपसाठी आणि मंडळातल्या पोरांसाठी भाषण इंग्रजीत होतं. त्यांनी सिगेत लढवला, टायवर हशा घेतला, रशियाच्या बर्फात माणसं गाडली. शंभर-सव्वाशे लोक चिडीचूप होते. सैनिकांच्या रांगेच्या शेवटी योसिपने इथेही कागदावर तो चौकोन आखून ठेवला होता. योसिप पहिल्या रांगेत जाड कोट घालूनच बसला होता, उजवा हात कोटाच्या खिशात. अधूनमधून मागे वळून दाराकडे बघत होता. भाषणाच्या मध्यावर कधीतरी एक उंच माणूस आत आला आणि कॉफीचा कप घेऊन मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. शरदचंद्रांनी त्याला पाहिलं. डोक्यावर कॅप, कानशिलं पांढरी व्हायला लागलेली. श्रोता एकाने वाढला, एवढंच त्यांना जाणवलं.

शेवटी टाळ्या झाल्या आणि नागपूरचा राजन, कुठल्याशा बँकेत आयटीत असलेला हुशार मुलगा, उभा राहिला. "काका, लास्ट स्पॉट एम्प्टी का ठेवलाय?"

"त्याचं उत्तर योसिप देईल," एवढंच म्हणून माईक पुढे करायचा होता. चार शब्द. पण चांगलं वाक्य जवळ असताना गप्प बसणं शरदचंद्रांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी क्षणभर थांबून त्या चौकोनाकडे हात केला.

"ती जागा मुद्दाम रिकामी आहे. हजार वर्षं ही माणसं दुसऱ्यांसाठी मेली. मग एक दिवस त्यांच्या स्वतःच्या आईने हाक मारली. काहींनी धाव घेतली. आणि काहींनी," इथे त्यांनी आवाज खाली आणला, "कान झाकून घेतले. इतिहास अशांसाठी पुतळा करत नाही. तो फक्त जागा रिकामी ठेवतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या माणसाने कप खिडकीत ठेवला, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि तो बाहेर गेला.

लोकांनी शरदचंद्रांना गराडा घातला. कुणी हात मिळवत होतं, कुणी फोटो काढत होतं, राजन रामसेज नेमका किती वर्षं टिकला ते विचारत होता. गर्दीतून वाट काढत योसिप आला आणि त्याने त्यांची बाही ओढली.

"एक मिनिट हं, योसिप."

त्याने पुन्हा ओढली. शरदचंद्रांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला प्रेमाने बाजूच्या खुर्चीत बसवलं आणि रामसेज पुढे चालू केला. त्याची दोन मिनिटं द्यायची राहिली हे त्यांना सैनिक खोक्यात भरताना आठवलं.

परतीच्या वाटेवर घर दिसू लागल्यावर योसिप म्हणाला, "तो आला होता."

"कोण?"

"दावोर. मागे उभा होता."

शरदचंद्रांनी गाडी बाजूला घेतली. मागच्या सीटवर जयंतीबाईंनी पदर तोंडाला लावला. योसिप रागावला नाही, आणि तेच वाईट होतं. तो म्हणाला, "तू छान बोलतोस, शरद."

त्या हिवाळ्यात बेसमेंटचं बोलावणं आलं नाही. शरदचंद्रांनी सडबरीला फोन केले. फोन कुणी उचलत नसे, म्हणून मशीनवर निरोप ठेवले. पहिला निरोप लांबलचक होता, दुसरा त्याहून लांब. फेब्रुवारीत योसिपला न्यूमोनिया झाला. तेव्हाचा निरोप मात्र एका ओळीचा होता: वडील हॉस्पिटलमध्ये आहेत, ये.

हॉस्पिटलमध्ये योसिपने उशाखालून रुमालात बांधलेली एक वस्तू काढली. "पत्र तू लिहिलंस, आता हेही तूच दे. त्या दिवशी खिशात होतं. तुझं भाषण झाल्यावर त्याच्यासमोर त्या चौकोनात ठेवणार होतो."

शरदचंद्रांचे डोळे भरून आले. "योसिप, मी काय बोलून बसलो! मला क्षमा कर."

"ते शब्द तुझे नव्हते," योसिप धापा टाकत म्हणाला. "माझे होते. तू फक्त ते पुन्हा म्हणालास. मला वाटलं होतं, या वेळी आपण वेगळं काहीतरी बोलावं."

तो शुक्रवारी गेला. दावोर शनिवारी पोचला.

अंत्यसंस्कार क्रोएशियन चर्चमध्ये झाले. पार्किंगच्या कडेला बर्फाचे काळपट ढिगारे वितळत होते. प्रार्थनेनंतर दावोर पायऱ्यांवर एकटाच उभा होता, डोक्यावर तीच कॅप. शरदचंद्रांनी येताना गाडीत बोलण्याची जुळवाजुळव केली होती. तिथे पोचल्यावर त्यातलं काही उरलं नाही. त्यांनी नुसता रुमाल पुढे केला.

दावोरने गाठ सोडली. आत सैनिक नव्हता. मोठ्या केसांचा एक सडपातळ तरुण स्टुलावर बसून किंचित पुढे वाकलेला, एका हातात वाडगा, दुसऱ्यात चमचा. दावोरने तो उलटा केला. खाली कोरलं होतं: १९९१, व्हिटबी, झा मामू.

कुणाला भाषांतर करून सांगायची गरज नव्हती.

"कॅन्सर होता आईला," दावोर म्हणाला. "माझ्याशिवाय कुणाच्या हातून जेवायची नाही. बाबा दिवसभर रेडिओला कान लावून बसलेले असायचे."

एक्क्याण्णव आणि ब्याण्णव. हजार वर्षांच्या सनावळ्या तोंडपाठ असलेल्या शरदचंद्रांनी ही दोन सालं कधी एकाशेजारी एक ठेवून पाहिली नव्हती.

"त्या दिवशी हे त्याच्या खिशात होतं," ते म्हणाले. "माझं झाल्यावर तो बोलणार होता. मी त्याला बोलू दिलं नाही. तुला मी घालवलं."

दावोरने त्यांच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर शरदचंद्रांना बरं वाटलं असतं.

"मी लगेच गेलो नव्हतो," तो म्हणाला. "पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो. अर्धा तास. म्हटलं, कुणी बोलवायला आलं तर आत जाईन."

शरदचंद्रांनी डाव्या हाताने कोटाची बाही घट्ट धरली, योसिपने दोनदा ओढली होती तीच. तो अर्धा तास त्यांना मिनिटामिनिटाने आठवत होता. त्यात ते राजनला रामसेज समजावून सांगत होते.